पौलाचा निकाल

दुपारचं जेवण होऊन शांतवन भिंगारदिवे पडवीतल्या बाजेवर आडवे झालेत, पण झोप काही धड लागत नाही. आज संध्याकाळच्या एसटीनं धाकू सारंगाची मुलगी शेवंती यायची आहे. "माझे बाबा तुमच्या पहाऱ्यात गेले. शेवटी काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय," एवढंच ती फोनवर बोलली होती. या बोलण्याला काय उत्तर द्यायचं, हे आठ दिवस झाले तरी त्यांना सुचलेलं नाही.

आत त्यांची बायको रूथबाई तांदूळ पाखडतायत. सुपाचा आवाज येतो आणि जातो. येतो आणि जातो. मग तो सुपाचा राहत नाही. वाळूवर लाट फुटून मागं सरकावी तसा तो होतो. नगरकडच्या या कोरड्या गावात समुद्र कुठून आला, असं शांतवनांच्या मनात येतं खरं, पण विचार पुरा व्हायच्या आत बाज हलते.

पायथ्याशी धाकू सारंग बसलाय.

"हवालदारानू, निजल्यात काय?"

"नाही," शांतवन म्हणतात. आणि लगेच त्यांना आठवतं, की हा माणूस जाऊन चौदा वर्षं झाली.

धाकू विजयदुर्गाकडचा तांडेल, होडीवरचा मुख्य खलाशी. वादळाची लक्षणं आहेत, होडी काढू नका, असं त्यानं मालकाला बजावलं होतं. मालकानं ऐकलं नाही. होडी खडकावर आपटली, दोन खलाशी बुडाले, आणि धाकूनंच हट्टानं होडी नेली असं मालकानं सांगितलं. किनाऱ्यावरच्या तुरुंगात तो तीन वर्षं कच्चा कैदी होता. तारीख पडायची, पुढं जायची. तिथंच शांतवन पहाऱ्यावर होते. रविवारी ते कैद्यांना पवित्र शास्त्रातलं, बायबलमधलं काही वाचून दाखवत. पौल प्रेषिताला बेड्या घालून निकालासाठी रोमला नेलं, वाटेत जहाज फुटलं, ती गोष्ट धाकूनं एकदा ऐकली आणि मग दुसरी कुठली ऐकायलाच तो तयार होईना.

"मगे?" धाकू म्हणतो. "वाचा."

शांतवन उशीखाली हात घालतात. उशी नाहीच. हाताला गार फरशी लागते, बराकीतली. गजांतून ऊन आत आलंय. ते आत आहेत की बाहेर, तेच त्यांना कळत नाही. अंगावर खाकी असायला हवी. कैद्याचा जाडाभरडा सदरा आहे. किल्ल्यांचा जुडगा धाकूच्या कमरेला.

"अरे, हे उलटं झालं," ते म्हणतात.

"काय उलटा झाला?" धाकूला खरंच समजत नाही. "वाचा तुमी."

पुस्तक त्यांच्या हातात आहे आणि पानं ओली आहेत. ते वाचू लागतात. पौलानंही सांगितलं होतं, आता निघू नका, जहाज जाईल. कप्तानानं ऐकलं नाही. चौदा दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. जहाज फुटू नये म्हणून खलाशांनी खालून दोर घेऊन आवळले.

"किती माणसां होती?"

"दोनशे शहात्तर."

"आणि एकय बुडलो नाय?"

"एकही नाही."

धाकू गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसतो. दर वेळी तो इथंच वाचन थांबवायचा. "माझे दोगय बुडले," तो म्हणतो. "मी वराडत होतंय, धरा म्हणून. तेंका ऐकाक गेला नाय."

शांतवनांना काहीतरी बोलायचं असतं, पण शिपाई पुकारा करतो आणि ते दोघं कोर्टात उभे असतात. कोर्टही नीट कोर्ट नाही. न्यायाधीशांची खुर्ची संथपणे डावीउजवीकडं झुलतेय, बाकांखालून पाणी सळसळतंय, आणि वकील धोतरं, पँटी गुडघ्यापर्यंत वर करून बसलेत. कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

"कैदी कोण?" न्यायाधीश विचारतात.

"मी," धाकू म्हणतो.

"मी," शांतवनही म्हणतात. आपण असं का म्हणालो, ते त्यांना कळत नाही.

"दोघांपैकी एक जण पहारेकरी असेल ना?"

यावर दोघंही एकमेकांकडं बघतात.

"असू दे," न्यायाधीश कंटाळून म्हणतात. "आधी जुनं प्रकरण. पौलाचा निकाल काय लागला? वाचा."

धाकू वळतो. त्याचा चेहरा उजळलाय. "ह्येनी सांगल्यानी माका, सायेब. सुटलो तो."

हो, सांगितलं होतं. गोष्ट संपली त्या रविवारी धाकूनं विचारलं होतं, मग पुढं काय? आणि त्याच्या डोळ्यांकडं बघून शांतवन पटकन बोलून गेले होते, सुटला. धाकू त्या रात्री पोटभर जेवला होता.

आता ते पानं उलटतात. शेवटचं पान. पौल रोमला पोचतो. भाड्याच्या घरात राहतो, जवळ एक शिपाई पहाऱ्याला. दोन वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत राहतो. आणि पुढं काही नाही. ते पान नखानं सोलून बघतात, मागं आणखी एखादं चिकटलं असेल म्हणून. नाही.

"धाकू," ते म्हणतात. "यात लिहिलेलंच नाही रे. सुटला की नाही ते. मी आपलं तुला बरं वाटावं म्हणून..."

कोर्ट कुठंच नाही. पायाखाली फळ्या आहेत, ओल्या, निसरड्या, आणि वारा इतका, की धाकूला त्यांच्या कानाशी तोंड आणावं लागतं.

"म्हंजे तो अजून थांबलेलोच आसा?"

"तसंच म्हणायचं."

शांतवन वाट बघतात, आता हा चिडेल. धाकू म्हणतो, "बरा झाला. म्हंजे मी एकटो नाय."

हे ऐकून त्यांना हुंदका येतो, की तोंडात खारं पाणी जातं, काही उमगत नाही.

"आणि माझ्या अर्जाचा काय झाला, हवालदारानू?"

हाच प्रश्न. वरच्या कोर्टानं लवकर सुनावणी घ्यावी, असा अर्ज धाकूनं सांगितला होता आणि शांतवनांनीच लिहून घेतला होता. खाली धाकूचा अंगठा. ऑफिसात द्यायचा म्हणून खिशात ठेवला. उद्या देऊ, उद्या देऊ करत अकरा दिवस तो खिशातच राहिला. बाराव्या दिवशी पहाटे धाकूच्या छातीत कळ आली आणि तो गेला. अर्ज मग त्यांनी चुलीत घातला. रूथबाईंनाही कधी सांगितलं नाही.

ते तोंड उघडतात. कड्डकन आवाज होतो, आणि पायाखालच्या फळ्या एकमेकींपासून सरकतात.

"फुटता ती!" धाकू ओरडतो. "दोर खालसून घेवया! धरा हय, घट धरा!"

शांतवन धरतात. दोर जाड आणि ओला आहे, तळवे सोलवटतायत. धाकू वाकून भराभर दोराचं टोक फिरवतो, आत घेतो, ओढतो. "आता सुटाची नाय," तो म्हणतो आणि हसतो. त्याचे दोन्ही हात शांतवनांच्या हातांवर आहेत. गरम आहेत.

"अहो, उठा. ती आलीय."

पडवीत उतरतं ऊन. रूथबाई वाकून त्यांच्याकडं बघतायत. मग रूथबाईंची नजर पायथ्याकडं जाते. बाजेची दोरी तिथं कालच तुटली होती. दोन्ही टोकं लोंबत होती. आता ती एकमेकांना बांधलेली आहेत. घट्ट, तुकतुकीत, ओळखीची नसलेली अशी गाठ.

"ही कुणी बांधली?" रूथबाई विचारतात. "तुम्हाला तर बुटाची नाडीसुद्धा नीट बांधता येत नाही."

आपण जागे आहोत का, याचीच शांतवनांना अजून खात्री नाही.

पायरीवर चपला काढून एक चाळिशीची बाई वर येते. नमस्कारासाठी जोडलेले हात तिचे तसेच राहतात. ती गाठीकडं बघतेय.

"बाबांची आहे ही," शेवंती म्हणते. "ते डावखुरे होते. त्यांचा पीळ उलटा पडायचा. आमच्याकडं दुसऱ्या कुणाला जमायची नाही." ती खाली बसते आणि गाठीला हात घालते. "मला सोडता येते. सोडू?"

"नको, राहू दे," शांतवन म्हणतात. ते उठून बसतात. "आधी इथं बस, पोरी. रूथ, तूही बस. धाकूनं माझ्याकडं एक अर्ज दिला होता. तो मी पुढं दिलाच नाही."