आडनावावरचं स्टिकर

उपवासाची भाजणी विकते मी, आणि स्वतः उपवास एकही करत नाही. हसायचं असेल तर हसून घ्या. आम्ही बौद्ध. आमच्या घरात ना एकादशी, ना चतुर्थी. पण नाशिक रोडच्या कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांतून जी भाजणी बाहेर पडते, तिच्या थालीपिठांवर या शहरातल्या कितीतरी घरांचे उपवास निभावतात.

आधी मी एका खासगी ऑफिसात टायपिंग करायचे. ऑफिस मुंबईला हललं. साहेब म्हणाले, तुम्हीही या की तिकडे. संसार काय पिशवीत घालून नेऊ? घरी बसले. त्याच सुमारास आई कळवणकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. ही भाजणी तिची. गावात ज्यांच्याकडे ती धान्य निवडायला जायची, तिथं अंगणात बसून, दारातून बघून बघून शिकलेली. त्यांच्या कढईला हात लावायची सोय नव्हती, पण डोळ्यांना कोण अडवणार?

वरई वेगळी भाजायची, साबुदाणा वेगळा, राजगिरा वेगळा, जिरं सगळ्यात शेवटी. एकत्र भाजलं की कुठलं कच्चं राहतं, कुठलं करपतं. "जाळ बारीक ठेव बाई," आई म्हणायची, "घाई केली का लय कडू व्हतं. मंग मीठ घाल नाय तर साखर घाल, काय उपेग नाय." साबुदाणा दाताखाली कुर्रकन फुटला पाहिजे, तोवर कढई उतरवायची नाही. खांदे मोडून येतात.

जुन्या ऑफिसातल्या बायकांनी नेली, त्यांच्या शेजारणींनी मागितली. एकीनं विचारलं, "दळता कुठं? चक्कीवर गव्हाचं पीठ लागत असेल, उपवासाला नाही चालत." बरोबर होतं तिचं. मी उपवासाच्या दळणासाठी निराळी घरघंटी घेतली. तिच्यात आजतागायत गव्हाचा कण गेलेला नाही. आमच्या पोळ्यांचं दळण आजही बाहेरच्या चक्कीवर जातं. ज्यांचा उपवास, त्यांनीसुद्धा पाळला नसता एवढा नेम मी पाळला. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे ऐकायचंय ते ऐकताना हे लक्षात असू द्या.

मग नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानदारानं माल ठेवला. सुकामेवा, पापड, लोणची, असलं दुकान. माणूस गोड बोलणारा, ताई ताई करणारा. साध्या पारदर्शक पिशव्या, आत माझ्या अक्षरातली चिठ्ठी, 'उपवासाची भाजणी', बस. बघता बघता माझ्या मालातला बारा आणे माल एकट्या त्याच्याकडे जायला लागला. कॉलनीतल्या दोघीजणी माझ्याकडे भाजायला येऊ लागल्या. एकीचा नवरा घरी बसलेला, दुसरीला नवराच नाही. त्यांची चूल माझ्या चुलीवर, आणि माझी त्या दुकानावर.

धंदा वाढला म्हणून मी तो रीतसर करायला गेले. हीच माझी चूक म्हणायची! खाण्याच्या वस्तू विकायचा परवाना काढला, लेबलं छापून घेतली. लेबलावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लागतो. मी छापलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, कॉलनी, फोन. छापखान्यातून गठ्ठा घरी आणला तेव्हा आईला वाचता येत नाही तरी तिनं एक लेबल उशाशी ठेवून घेतलं.

लेबलवाली पाकिटं दुकानात गेली आणि तिथंच बसली. महिना गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, राग मानू नका, एक सांगू? नाव जरा लहान करा."

"अक्षर लहान करू?"

"तसं नाही हो. नुसतं पहिलं नाव टाका. आडनाव कशाला? लोक मागची बाजू वाचतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आडनाव कशाला? लग्नपत्रिकेवर टाकता, दुकानाच्या पाटीवर हातभर टाकता, तेव्हा नाही विचारत कशाला! मी स्पष्ट सांगितलं, माल खपो न खपो, नाव आहे तेवढंच राहील. तो म्हणाला, "बरं बाई, राहू द्या. बघतो मी काय करायचं ते."

आणि काय सांगू, श्रावणाच्या तोंडावर माल सपाट्यानं जायला लागला! आठवड्याला दोनदा फोन, ताई पाठवा, ताई संपलं. मी तर हवेतच. दोघींना म्हटलं, बघा, लोक पहिल्यांदा बिचकतात, मग चव जिंकते. आईलाही सांगितलं, जमाना बदलला. तिनं नुसता कढईखालचा जाळ बारीक केला.

एका दुपारी रिक्षावाला आला नाही म्हणून माल घेऊन मी स्वतःच गेले. दुकानात एक काकू उभ्या, हातात माझं पाकीट. शेजारच्या बाईला सांगत होत्या, "दोन वर्षं हीच नेते मी. सोवळ्यातलं असलं की चवीतच कळतं बाई."

मी पाकीट बघितलं. मागच्या बाजूला सोनेरी गोल स्टिकर. 'सोवळ्यात तयार केलेली.' लावलं होतं कुठं? बरोब्बर माझ्या आडनावावर. फळीवरची पाकिटं उलटी करून बघितली. सगळ्यांवर तेच. पत्ता दिसत होता, फोन दिसत होता, आडनाव तेवढं सोन्याखाली गाडलेलं.

"हे कुणाला विचारून लावलं?"

दुकानदार हसत होता. "ताई, माल तुमचाच जातोय ना? आणि खोटं काय त्यात? वेगळी घरघंटी, आंघोळ करून बसता. सोवळंच झालं की!"

मी तिथंच नखानं स्टिकर खरवडायला लागले. एक, दोन, तीन. नखं दुखायला लागली तरी थांबले नाही. काकूंनी मी टाकलेलं एक पाकीट उचललं, चष्मा वर करून वाचलं आणि फळीवर परत ठेवलं.

"अगंबाई. मग आधी नाही का सांगायचं? दोन वर्षं खातोय आम्ही."

"खाताय ना? मग झालं का काही तुम्हाला?"

"तसं नाही हो. आम्ही काही मानत नाही. पण घरात सासूबाई आहेत, देवाधर्माचं असतं..."

कुणीच कधी काही मानत नाही! ज्याला विचारावं तो नाही मानत, मानणारं माणूस नेहमी घरात असतं, आतल्या खोलीत. मी दुकानदाराला म्हटलं, स्टिकर लावणार असाल तर माल देणार नाही. तो म्हणाला, स्टिकर नसेल तर ठेवणार नाही. होती नव्हती तेवढी पाकिटं रिक्षात भरून घरी आणली. कॉलनीतल्या दोघींना उद्या येऊ नका म्हणून सांगायला गेले, तर एक म्हणाली, "लावू दिलं असतं तर काय झिजलं असतं तुझं?" तिच्यावर मला रागावता आलं नाही. म्हणून दुकानदाराला आणखी चार शिव्या घातल्या.

पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी दारात रिक्षा थांबली. त्याच काकू. पत्ता लेबलावर होताच. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "घाईत आहे गं." पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला. डब्यावर त्यांच्या यजमानांचं अख्खं नाव कोरलेलं, आडनावासकट.

"यात सुटी दे किलोभर. पाकीट नको. सासूबाईंना दुसरी कुठली आवडतच नाही, काय करू?"

"सुटी मिळत नाही, काकू. लेबलाशिवाय मी विकत नाही."

त्यांनी रिक्षाकडे बघितलं, मग म्हणाल्या, "बरं, दे तशी." मी पाकीट दिलं. पैसे त्यांनी कट्ट्यावर ठेवले, माझ्या हातात नाही.

रिक्षात बसल्यावर त्यांनी पाकीट फोडलं, भाजणी डब्यात ओतली, झाकण घट्ट दाबलं आणि रिकामं पाकीट आमच्या दारासमोर टाकून दिलं. रिक्षा निघाली.

मी चप्पलसुद्धा घातली नाही. पाकीट उचललं आणि धावले. कॉलनीतल्या बायका बघत होत्या, बघू देत. कोपऱ्यावर रिक्षा गाठली, दांडी धरून थांबवली आणि पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं, नावाची बाजू वर करून.

"काकू," मी म्हटलं, "हे घरी न्या. आतल्या खोलीत वाचून दाखवा."