नालुलेच्या गोष्टीतला बिबट्या

आमच्या मसाका भागात गोष्ट सांगणाऱ्याने आधी म्हणायचं, "तुमच्यासाठी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, "मग सांग." ते खरं कुणी धरत नाही, रीतच आहे तशी.

शेजारची नालुले संध्याकाळी कच्ची केळी सोलता सोलता पोरांना गोष्टी सांगायची. तिच्या प्रत्येक गोष्टीत एक बिबट्या असायचा. तो दारू पिऊन घरी यायचा, बायकोला फरफटत न्यायचा आणि लेक मध्ये पडली की तिलाही तुडवायचा. पोरं खिदळायची. मोठी माणसंसुद्धा हसायची, मेली.

एकदा तिचा सुजलेला डोळा बघून तिची आत्या म्हणाली, "भांड्याला भांडं लागायचंच, बाई. घरातलं घरातच ठेवावं."

"घरातच आहे, आत्या," नालुले म्हणाली. "बाहेर फक्त बिबट्या येतो."

मग एका सकाळी ती गेली. केळीच्या बागेत पाय घसरून पडली, असं तिच्या नवऱ्याने, सेबोवाने सांगितलं. सगळ्या गावाने माना डोलावल्या.

सुतकात अंगणातल्या शेकोटीभोवती सगळे बसले होते. सेबोवाही होता. पोरं रडायची थांबेनात, तेव्हा आत्या नालुलेच्या लेकीला म्हणाली, "नाक्कू, आईची एखादी गोष्ट सांग गं यांना."

नाक्कू उठून उभी राहिली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

"तुमच्यासाठी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," ती म्हणाली.

"मग सांग," सवयीने सगळे म्हणाले.

त्या गोष्टीत बिबट्या नव्हता.