परळच्या हौदात गार समुद्र

गिरगावातली सरोजिनी विजयकर रसायनशास्त्र शिकून परळच्या एका कारखान्यात यंत्रं तपासायच्या कामाला लागली, तेव्हा तिच्या आईने, यशोदाबाईंनी, कपाळाला हात लावला. मुलगी कॉलेजात शिकवील अशी त्यांची समजूत, आणि ही रोज संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन घरी! सरोजिनीला मात्र धडधाकट यंत्र कुठे अडतं ते शोधण्यात भारी गंमत वाटे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती तेव्हाची गोष्ट. कारखान्याने बंदरात सांडलेलं जहाजाचं काळं तेल उचलायचं यंत्र केलं होतं. पाण्यावर आडवं पिंप फिरे, तेल त्याला चिकटे आणि पातं ते खरवडून टाकीत सोडी. मुंबईच्या पाण्यात झकास चाले. पण गिऱ्हाईक होतं दूर उत्तरेकडच्या थंड समुद्रावरचं बंदर, आणि तिथला गोरा साहेब एके दुपारी यंत्र बघायला येणार होता.

त्या दिवशी सकाळी कारखान्याच्या हौदात चाचणीसाठी शिवडीच्या खाडीचं पाणी भरलं. मग सरोजिनी आणि फोरमन इग्नेशियस हातगाडीवर बर्फाच्या लाद्या घेऊन निघाले, तर लालबागच्या नाक्यावर मोर्चा आडवा आला. गुणाजी नावाच्या गिरणी कामगाराने गाडी अडवली.

"बाई, आज गाडी पुढे जायची नाय."

"अहो, वितळतोय बर्फ!"

"लगीन हाय काय कुणाचं?"

"लग्न कसलं? समुद्र गार करायचाय."

गुणाजी तिच्याकडे बघतच राहिला. भर रस्त्यात तिने सगळं समजावलं, तसा तो खदाखदा हसला. "दोन लाद्या आमच्या प्यायच्या पाण्यात टाका. बाकीच्या आमी पोचवतो."

'मुंबई आमची'च्या घोषणा देत पंधरा-वीस जणांनी गाडी फाटकापर्यंत ढकलली. "लाटसाहेबाची वरात पण अशी निघत नसंल," इग्नेशियस म्हणाला.

साहेब मोर्चामुळे पायीच आला, घामाने निथळत. आल्याआल्या त्याने गार हौदात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि सुखाने डोळे मिटले. मग हौदात काळं तेल ओतून यंत्र सुरू केलं, आणि पंचाईत झाली. गारठ्याने तेल थिजलं होतं. गुळगुळीत पिंपावरून गोळे घसरून पुन्हा पाण्यात पडत होते.

"जोरात फिरवू?" इग्नेशियसने विचारलं.

"नको, आणखी उडेल. तेलाला धरायला काहीतरी खरबरीत हवं." सरोजिनीची नजर बर्फ झाकून आणलेल्या गोणपाटांकडे गेली. "ती गुंडाळू या. पण आधी कोरडी करून तेलात भिजवा, नाहीतर पाणीच पितील."

दोघांनी बाह्या सरसावून गोणपाट सुतळीने आवळलं आणि पातं जरा मागे घेतलं. पिंप सावकाश फिरलं. काळे गोळे त्याला चिकटून वर आले आणि भदाभदा टाकीत पडले. इग्नेशियसने शिट्टी मारली. साहेबाने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, हे बसवायला तिकडे कोण येणार?

"मला थंडी सोसत नाय," इग्नेशियस घाईने म्हणाला. "बाई जातील!"

ऐन मे महिन्यात, खिडकीशी वारा घेत, यशोदाबाई जाड लोकरीचा स्वेटर विणायला बसल्या.

"हात वर कर, माप घेऊ दे," त्या म्हणाल्या. "आणि तिथल्या लोकांना बजावून सांग, काम झालं की हात धुवायला गरम पाणी द्या म्हणावं."