कापून ठेवलेली पानं

वैशालीचा फोन आला तेव्हा मी रेडमंडच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत नुसता बसून होतो. आत जायचा कंटाळा आला होता. "मुकुंद गेला," एवढंच ती म्हणाली. कॅन्सर होता, नवऱ्याचं काय होणार हे तिला ठाऊक होतं, मलाही होतं, तरी मी "कसा काय?" असं विचारून बसलो... त्याला आता काही आठवडे झाले. माझा थकवा तेवढा अजून गेलेला नाही.

मुकुंद माझा पुण्यापासूनचा मित्र. कॉलेजात असताना तो संध्याकाळी फ्रेंच शिकायचा. पॅरिसला जाऊन तिथल्या जुन्या प्रकाशकांवर संशोधन करायचं, असं त्याच्या मनात होतं. प्रत्यक्षात आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये शिरलो आणि व्हिसाच्या रांगेत केस पिकले. संशोधन राहिलं, पुस्तकं घेणं मात्र सुटलं नाही. इथल्या लायब्रऱ्या नकोशी पुस्तकं विकायला काढतात, तिथून खोकी भरभरून फ्रेंच पुस्तकं त्याच्या बॉथेलच्या घरी यायची. जुन्या काळी फ्रान्सच्या राजाने बंदी घातलेली पुस्तकं परदेशात छापून, सुट्या कागदांच्या रूपात, दुसऱ्याच मालाच्या गासड्यांत लपवून फ्रान्समध्ये कशी आणत, हे तो आमच्या पॉटलकमध्ये, सगळे आपापला पदार्थ घेऊन जेवायला जमायचो तेव्हा, रंगवून सांगायचा. लोक पुलावाची प्लेट घेऊन हळूच सरकायचे.

त्याच्या पुस्तकांची एक गंमत होती. फ्रान्समध्ये पूर्वी पुष्कळ पुस्तकं पानं न कापताच विकत. छापलेल्या कागदाच्या घड्या तशाच, पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. वाचणाऱ्याने सुरीने एकेक घडी कापत पुढे जायचं. त्यामुळे कोण कुठवर वाचून थांबलं, ते लपत नाही. मुकुंदच्या बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची थोडीच पानं कापलेली होती. दिवसभर ऑफिस, मग जेवण, मग डोळे मिटायचे. मी त्यावरून त्याला भरपूर छळलंय. रिटायर झालो की बघ, असं म्हणायचा.

त्याची मुलगी रेवा इथेच जन्मलेली. बाबाच्या हौसेखातर तिने शाळेत फ्रेंच घेतलं आणि कॉलेजात सोडून दिलं.  मुकुंदच्या मनाला ते लागलं होतं.

शेवटच्या महिन्यात भेटायला गेलो तर तो खुर्चीत बसून पानं कापत होता. एक पुस्तक झालं की दुसरं. वाचत नव्हता, नुसता कापत होता. रेवा बॉस्टनहून आली होती. ती म्हणाली, "बाबा, यू आर सो टायर्ड. सोड ना ते. तू वाचत पण नाहीयेस."

"मला आता नाही जमायचं," तो म्हणाला. "पुढच्याला तरी अडायला नको."

आणि त्याने पुढची घडी कापायला घेतली.

तो गेल्यावर वैशालीने घर विकायला काढलं आणि पुस्तकांचं काम माझ्याकडे आलं. लायब्ररीने नको म्हटलं. युनिव्हर्सिटीने आभार मानून नको म्हटलं. जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला, पानं कापली नसती तर विचार केला असता. शेवटी दमून खोकी रिसायकलिंगला नेली. पुठ्ठ्याची कव्हरं नाहीत ना, मग टाका सरळ, असं तिथला माणूस म्हणाला. टाकण्याआधी एक पुस्तक उघडलं... शेवटच्या पानापर्यंत कापलेलं, कडा वाकड्यातिकड्या. मला ते टाकवेना. सगळी खोकी परत आणून माझ्या गॅरेजमध्ये रचली. 

गेल्या रविवारी रेवा आली. हवं ते घे, मी तिला सांगितलं. ती एका खोक्यावर बसली, एक पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. ओळीओळीला अडखळत होती.

"काका, आय डोन्ट नो हाफ द वर्ड्स," ती म्हणाली आणि तिने पान उलटलं.

मला तर एक अक्षर कळत नव्हतं. मुकुंद इथे हवा होता, दुसरं काही मनात येईना. ती वाचत राहिली, मी उभा राहून ऐकत राहिलो. गॅरेजमध्ये जागा नाही म्हणून माझी गाडी बाहेर पावसात भिजत होती. भिजू दे म्हटलं.