शिडी

माझ्या पंच्याहत्तरीला गावची पोरं गौरव अंक काढणार आहेत. छंद आणि घर यांनी मला सरपंच म्हणून कसं घडवलं, ते मीच लिहावं असा त्यांचा आग्रह. लिहितो. खरंच त्या दोहोंनीच घडवलं.

छंद कबुतरांचा. पोखर्णीच्या रस्त्यावर आमचं गाव. घराच्या माळवदावर खुराडं होतं, ते बौद्ध वस्तीतल्या एका गवंड्यानं बांधून दिलेलं. त्यालाही कबुतरांचा नाद. संध्याकाळी तो रस्त्यात उभा राहून थवा बघायचा आणि खालूनच ओरडायचा, "सरपंच, पांढरी लय खाली उडायलीय, अंड्यावर आली वाटतं!" बांधकाम संपल्यावर, वर ये, असं मी त्याला कधी म्हणालो नाही.

घरात आम्ही दोघं भाऊ. धाकटा तापट. वडील गेल्यापासून भांडण पेटलं की आई म्हणायची, "तू थोरला हायस, तूच उगं ऱ्हा." मग मी शिडी चढून कबुतरांकडे जायचो. खाली धाकटा हवं ते करायचा आणि घर शांत व्हायचं. शेजाऱ्याचा बांध कोरायचा असो की गड्याला हाकलायचं असो, मी वर गेलो की विषय मिटला. गावही मी याच रीतीनं चालवलं. लोक म्हणत, माणूस लय शांत.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावच्या वस्त्या जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. एका सकाळी गवंडी दारात आला.

"सरपंच, आज आमच्यावर येनार म्हनत्यात. तुमी नुसतं वेशीत हुबं ऱ्हावा. बोलू बी नका. तुमाला वलांडून कोन येत न्हाई."

"येतो," मी म्हणालो.

दुपारी धाकटा रॉकेलचा डबा घेऊन निघाला. मी आडवा आलो.

"डबा ठेव."

"दादा, सरपंचकी गावानं दिली का वस्तीनं?"

आतून आई ओरडली, "उगं ऱ्हा रे! घरातच रगत सांडता का आता?"

माझे पाय शिडीकडे वळले. बाहेर थांबलेल्यांना धाकटा हसत म्हणाला, "चला रे. दादा कबुतराकडं गेले. म्हंजे झालं."

इतकी वर्षं मी घराला काय शिकवलं होतं, ते तेव्हा कळलं. तरी खाली उतरलो नाही. थवा उडवला. वस्तीकडून धूर आला तशी कबुतरं घिरट्या घालू लागली, उतरेनात. घरं जळत होती आणि मी शीळ घालून कबुतरांना बोलावत होतो.

लोक ज्वारीच्या रानातून पळाले म्हणून वाचले. गवंडी बायकापोरांना घेऊन गेला तो परत आला नाही. सरपंचामुळे गावात माणूस दगावला नाही, असं पुढच्या निवडणुकीत भाषणांतून सांगितलं गेलं. मी हार घालून घेतले.

नामविस्तार झाला त्या थंडीत तो पिंगळी स्टेशनावर दिसला. केस पिकलेले. मी तोंड उघडण्याआधी त्यानंच विचारलं, "कबुतरं हायत का?"

"हायत."

"खुराडं गळत न्हाई ना?"

"न्हाई."

"मजबूत बांधलं व्हतं," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

खुराडं अजून उभं आहे. हे लिहिलेलं पोरं छापतील असं वाटत नाही. त्यांना खुराड्याजवळ माझा फोटो हवा आहे. गुडघे साथ देत नाहीत, म्हणालो. तर म्हणतात, आम्ही शिडी धरतो, तुम्ही चढा.