गोळ्यांची पिशवी

निलंग्यातले आमचे शेजारी, निवृत्त गुरुजी, बायकोला घेऊन तीनदा क्रूझवर गेलेले. आमचं क्रूझला जायचं ठरल्यापासून ते रोज येतात आणि दारातच उभं राहून सांगतात, "खोली मधल्या मजल्यावरची घ्या, कमी हलते. औषधं हातात ठेवा, मोठी बॅग खोलीत यायला सांज होती."

औषधांचं दोनदा सांगतात. काल मी हसून म्हणालो, "गुरुजी, पाठ झालं."

ते हसले नाहीत. "एसटीसारखं सगळं एकाच बॅगेत भरायची माझी सवय. दोन खेपा निभलं. तिसऱ्यांदा हिच्या गोळ्या बॅगेत, अन् बॅग खाली अडकलेली. ती येईपर्यंत ही गेली."

मग त्यांनी खिशातून एक कोरी कापडी पिशवी काढून माझ्या हातात ठेवली.

"गोळ्यांसाठीच शिवली होती हिनं. मीच म्हणलो, राहू दे घरी."