अख्ख्या गावाकडे होता तो पासवर्ड

माझं फेसबुक पेज आजवर कोणीही हॅक केलेलं नाही. हे मी अभिमानाने नाही, रागाने सांगते आहे. आमच्या घरात पेज सगळ्यात आधी मी काढलं. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईचे फोटो, तिथल्या दंडारीच्या नाटकातल्या जुन्या नकला, मोहफुलं वाळवायची आईची पद्धत, शाळेच्या गळक्या छपरावर चार ओळी, असं काहीबाही मी मन लावून लिहीत होते. नणंद वाचायची, तिची जाऊ वाचायची, माहेरची काही माणसं लाइकचा अंगठा देऊन जायची. माझं बरं चाललं होतं.

मग माझ्या धाकट्या जावेने पेज काढलं. गोंदियाहून मुर्री ओलांडून पुढे आलं की आमचं गाव. दोघा भावांची घरं दोन, अंगण एक. तिला लिहिता येत नाही हे मी आजही म्हणेन. ती नळापाशी जाते, पदर सावरते आणि कॅमेऱ्यात बघून विचारते, "काऊन जी, तुमच्याकडे तरी पाणी आलं का?" झालं! एवढ्यावर गाव फिदा. माझ्या मंडईच्या लेखाखाली एक नमस्कार आणि हिच्या कोरड्या नळाखाली जत्रा. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा एका पॅनेलने सरपंचपदासाठी तिलाच उभं केलं, निशाणी शिलाई मशीन. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, पण विचारायला काय जात होतं?

पॅनेलच्या बायांची पहिली बैठक आमच्याच अंगणात भरली. आता जावेचं पेज सगळ्यांनी मिळून चालवायचं ठरलं. पासवर्ड कोणाकडे ठेवायचा यावरून लगेच कुरबूर सुरू झाली. एका मोहल्ल्याच्या बाईला मान दिला तर दुसऱ्या मोहल्ल्याची रुसणार; आमच्याकडे हळदीकुंकवाला एक घर चुकलं तरी वर्षभर ऐकावं लागतं. जावेने त्यावर तिच्या परीने तोडगा काढला. ती ओट्यावर उभी राहिली आणि तिने पासवर्ड सगळ्यांना मोठ्याने सांगून टाकला, दोनदा, मागच्यांना ऐकू गेला नसेल म्हणून. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी मी आत मागच्या चुलीपाशी सगळ्यांसाठी चहा गाळत होते; टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या, बाकीचं नंतर कळलं. ट्रे घेऊन बाहेर आले तोवर विषय झेंड्यांवर गेला होता. मी कप वाटले. मला पासवर्ड कोणी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

मतदान तोंडावर आलं असताना एका सकाळी ते पेज फुटलं. तिचा हसरा फोटो गेला, तिथे समोरच्या पॅनेलची कपबशी आली आणि खाली तिच्याच नावाने मजकूर पडला, की मी माघार घेत आहे, माझी मतं कपबशीला द्या. दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तालुक्याचे पुढारी आले. माईक घेऊन पोरं आली. नळावर तिचं तोंडही न बघणाऱ्या बाया तिच्या गळ्यात पडून रडल्या. ती खाटेवर बसून, डोळे पुसत, सगळ्यांना तेच ते सांगत होती, आणि मी पुन्हा चहा गाळत होते. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मला तिची दया यायला हवी होती, हे कळत होतं. पण मनात एकच घोळत होतं: हिचं पेज फोडावं इतकी ही मोठी झाली, आणि माझ्याकडे कोणी वाकड्या नजरेनेही बघत नाही.

कोणी केलं यावर गावात दोन माणसांचं एकमत नव्हतं. तिचं पॅनेल म्हणे कपबशीवाल्यांनी केलं. कपबशीवाले म्हणत, हिनेच स्वतः केलं, सहानुभूतीसाठी. पुढाऱ्यांनी नागपूरकडे बोट दाखवलं, आणि एक मास्तर तर परदेशापर्यंत जाऊन आले. मग हळूहळू ही सगळी बोटं वळून आमच्या अंगणात आली. घरात दुसरं पेज कोणाचं? मोठीचं. धाकटीचं चांगलं कोणाला बघवत नाही? मोठीला. मी किराणा दुकानात गेले की बोलणं थांबायला लागलं.

आमच्या ह्यांनीही जेवता जेवता विचारलं, "खरं सांग बरं, तुनं त नाही केलं?"

मी म्हटलं, "तुमाले काय वाटते?"

"मले काही नाही वाटत. लोक म्हणून राहिले."

मी ताट उचलून आत गेले. अंगावरचा आळ झटकायला माझ्याकडे एक वाक्य होतं: माझ्यापाशी पासवर्डच नाही. पण ते बोलायचं म्हणजे गावासमोर कबूल करायचं, की अख्ख्या गावाला दिला आणि मला दिला नाही. त्यापेक्षा चोर ठरलेलं परवडलं. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत बाया माझ्याकडे जरा दबून बघायच्या, ते मला आवडतही होतं.

गोंदियाहून चौकशीला पोलीस साहेब आले. अंगणात खुर्ची टाकून बसले. जवळ पॅनेलच्या बाया, आमचे हे, दीर, सगळेच उभे. साहेब मला म्हणाले, "मॅडम, घबराने की बात नहीं. उस पेज का पासवर्ड आपके पास था क्या?"

मी साहेबांसमोरचा रिकामा कप उचलला. खाली बघितलं. बायांमध्ये कुजबुज वाढली आणि ह्यांचा चेहरा उतरला.

मला नेहमी बाई म्हणणारी जाऊ पुढे आली. "साहेब, बाईचं नाव कायले घेता? बाईपाशी पासवर्डच नाही. सगळ्या गावापाशी आहे, एक त्यायच्यापाशीच नाही."

साहेबांनी डोक्याला हात लावला. कोणाकोणाला दिला हे विचारलं तेव्हा ती मोहल्ल्यांची नावं सांगायला लागली, आणि यादी संपायच्या आत साहेबांनी हेल्मेट उचललं. ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र भर अंगणात उघडी पडले होते. सगळे गेल्यावर मी तिला गाठलं.

"मले काऊन नाही देला?"

तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "बाकीच्या नाराज झाल्या असत्या, म्हणून देला बाई. तुमी त आधीपासूनच नाराज आहा."

साहेबांसाठी टाकलेली खुर्ची मी उचलून आत नेली.

ती निवडून आली. पेज कोणी फोडलं ते आजतागायत कळलं नाही. कपबशीवाल्यांच्या लग्नात ती जेवून येते आणि ते तिच्याकडे येतात. निकालानंतर तिने नवीन पेज काढलं. त्याच संध्याकाळी ती माझ्या चुलीपाशी येऊन बसली, भाजी निवडू लागली आणि निवडता निवडता हळूच म्हणाली, "बाई, नवा पासवर्ड कोणालेच देला नाही. फक्त तुमाले सांगून राहिली." आणि सांगितला.

हा विश्वास आहे की पहारा, मला ठरवता आलेलं नाही. आता ते पेज फुटलं तर गावभर शोधत फिरायची गरज नाही, चोर एकच. मी ते एकदाही उघडलेलं नाही. पण रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी फोन हातात घेते आणि बघते, तिचा हसरा फोटो जागेवर आहे ना. माझ्या पेजवर मी शेवटचं काय लिहिलं होतं, ते मला आठवत नाही.